दुखत नाही, मग दवाखाना कशाला?

करवीर तालुक्यातल्या आमच्या शेजारच्या आक्कांनी आपलं वय वंदना कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेत ठेवलंय. वय ७४. "लागलं तर हाय की," म्हणतात. बीपी कधी तपासलं होतं, असं विचारलं तर उलट मलाच, "दुखतंय काय मला?"

त्यांचं तरी काय चुकलं? कार्डच तसं आहे. ते आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेचं, योजना २०१८ची. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण दाखल झाल्यावर. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस त्यात धरतात. एरवीची ओपीडी नाही.

आणि बीपी दुखत नाही, हीच तर खोड. एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. वाढलेल्या दाबानं त्या एकेक करून निकामी होतात, उरलेल्या जास्त राबतात, त्यामुळे बरीच वर्षं काही कळतच नाही. कळतं तेव्हा डायलिसिसची वेळ आलेली असते. ते मात्र कार्डावर होतं!

अमेरिकेत मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, कायदा १९६५चा, पण ज्येष्ठांची वार्षिक मोफत आरोग्यभेट त्यात आली २०११ला. तरी पुष्कळजण जात नाहीत. म्हणजे पैसा हे एकच कारण नव्हे.

आपल्याकडे गावच्या उपकेंद्रात तिशीपुढच्या कुणाचंही बीपी आणि साखर फुकट तपासतात, कार्ड न दाखवता. हे आक्कांना ठाऊकच नव्हतं. आशाताई मागं लागल्या तेव्हा गेल्या. सिस्टरांनी आधी विचारलं, "मिश्री लावून आलाय काय?" तंबाखूनं दाब तात्पुरता चढतो, म्हणून अर्धा तास थांबवलं. तोवर टॉर्च मारून तोंडात चट्टा-बिट्टा आहे का बघितलं. मग पाठ टेकवून पाच मिनिटं गप्प बसवलं (आक्कांना हे सगळ्यात जड गेलं) आणि पट्टा बांधला. वरचा आकडा १६८. उभं करून तीन मिनिटांनी पुन्हा घेतला, तर १४२.

उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर चक्कर येऊन पडायची भीती. म्हातारपणी खुब्याचं हाड असंच मोडतं. डॉक्टरांनी गोळी हलक्या डोसनं सुरू केली, ती त्याचमुळे.

"पहाटे उठताना डोळ्यापुढं अंधारी येती, ती ही व्हय?" आक्कांनी विचारलं. दोन वर्षांत हे त्या कुणाला बोलल्या नव्हत्या.