नवरा-बायकोचा पासपोर्ट आणि परदेशातला समुद्र: खान्देशातल्या जोडप्यांनी आधी काय करावं

लग्नसराई संपली की जळगाव, धुळे, नंदुरबारकडची नवी जोडपी थायलंडमधल्या फुकेतचं नाहीतर इंडोनेशियातल्या बालीचं पॅकेज बघायला लागतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न व्हिसाचा. खरं तर यात व्हिसाच सगळ्यात सोपा. गाडी अडते ती पासपोर्टवर, आणि पासपोर्ट अडतो बायकोच्या नावावर. म्हणून तिथूनच सुरू करतो.

आपल्याकडे मुलगी लग्नाआधी वडिलांचं नाव लावते, लग्नानंतर नवऱ्याचं. काही घरांत तर पहिलं नावही बदलतात. मग दहावीचं सर्टिफिकेट माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं आणि पॅनकार्डावर तिसरंच स्पेलिंग. एरवी हे कुणाला खटकत नाही, पण पासपोर्टच्या खिडकीवर तिन्ही कागद एकदम टेबलावर येतात.

तर आधी घरात बसून ठरवा, नाव बदलायचं की नाही. कायद्याने ते बदलावं लागत नाही. माहेरच्याच नावाने पासपोर्ट काढून जोडीदाराच्या रकान्यात नवऱ्याचं नाव टाकता येतं. त्यासाठी विवाह दाखलाही सक्तीचा नाही. दोघांचा एकत्र फोटो आणि दोघांच्या सह्या असलेलं संयुक्त घोषणापत्र, म्हणजे परिशिष्ट जे, चालतं. आधार अजून माहेरच्या नावाचं असेल आणि फिरायची घाई असेल, तर माझ्या मते हाच रस्ता धरा. सासूबाईंना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

नाव बदलायचंच असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. गावात ग्रामपंचायत, शहरात नगरपालिका किंवा महापालिका. नमुना 'ड' भरायचा, त्यावर वर-वधू, लग्न लावणारे भटजी आणि तीन साक्षीदार यांच्या सह्या. नोंदणी लग्नानंतर 90 दिवसांत करायची असते. उशीर झाला तरी होते, फक्त पैसे जास्त लागतात. लग्नपत्रिकेची एक प्रत जपून ठेवा, आणि पत्रिकेवर 'चि. सौ. कां.'च्या पुढे शाळेतलंच नाव छापा. तिथे घरातलं लाडाचं नाव छापलं, की ग्रामसेवकापुढे अर्धा तास समजावत बसावं लागतं.

आमचं अडलं ते 'व'वर. बायकोच्या आधारवर नावातल्या 'व'साठी डब्ल्यू होता, दहावीच्या सर्टिफिकेटवर व्ही. पहाटेच्या गाडीने निघून केंद्रावर पोहोचलो होतो. खिडकीवरच्या मॅडमनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले, एका अक्षरावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, आणि विचारलं, "यातलं खरं कोणतं?" बायको म्हणाली, "मॅडम, शाळेत गुरुजींनी लिहिलं ते." फाइल परत आली. मग आधार दुरुस्त करून पुन्हा तारीख घेतली. एक लक्षात ठेवा, आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यामुळे स्पेलिंगची दुरुस्ती आणि लग्नानंतरचं नाव ही दोन्ही कामं एकाच फेरीत उरका.

अर्जाचं काम त्या मानाने सरळ आहे. पासपोर्ट सेवा पोर्टलवर किंवा एमपासपोर्ट सेवा ॲपवर दोघांचे वेगळे अर्ज भरायचे. जोडप्याचा एक पासपोर्ट निघत नाही, हा प्रश्न मला खरंच दोघांनी विचारलाय. फी माणशी 1500 रुपये, 36 पानांच्या आणि 10 वर्षं चालणाऱ्या पासपोर्टसाठी. तत्काळ हवा तर वर आणखी 2000. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या साइटी बऱ्याच आहेत, तेव्हा पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का ते बघूनच पैसे भरा. जळगावचं पोस्टातलं केंद्र जवळचं. तिथे तारीख लांबची मिळत असेल, तर नाशिकची बघा.

सोबत मूळ कागद न्या, नुसत्या झेरॉक्सवर भागत नाही. पत्त्यासाठी आधार. जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं सर्टिफिकेट किंवा पॅन. जन्मदाखला सक्तीचा झालाय तो 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना, तुम्हाआम्हाला नाही. फोटो तिथेच काढतात. मागे पांढरा पडदा असतो, म्हणून पांढरा शर्ट घालू नका. नवऱ्याचा पासपोर्ट आधीचा असेल आणि त्यात बायकोचं नाव असेल, तर तिच्या पत्त्याचा पुरावा म्हणून तोही चालतो.

दहावी पास असाल तर ते सर्टिफिकेट न्याच. ते नसेल तर पासपोर्टवर 'ईसीआर'चा, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा, शिक्का पडू शकतो. हा नियम कामासाठी 18 देशांत जाणाऱ्या मजुरांच्या संरक्षणासाठी आहे, पण त्या 18 मध्ये थायलंड, इंडोनेशिया आणि मलेशियाही येतात. पर्यटकाला परवानगी लागत नाही. तरी विमानतळावर चौकशी होऊ शकते, म्हणून परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग हाताशी ठेवायचं. आयकर भरत असाल तर तो पुरावा दाखवूनही हा शिक्का टळतो.

नंतर पोलिस पडताळणी. अर्जात पत्ता तोच टाका जिथे तुम्ही खरंच सापडाल. नोकरी पुण्यात, पत्ता अमळनेरचा, आणि शेजारी हवालदाराला सांगतात, "ते तर दिवाळीलाच येतात." अहवाल तिथेच बिघडतो. पडताळणीचे वेगळे पैसे द्यायचे नसतात.

पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरी आला की मग देश ठरवा. थायलंडने नोव्हेंबर 2023 पासून भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला. मुक्कामाच्या दिवसांचा नियम बदलत असतो, तो तिकीट काढायच्या आधी बघा. मे 2025 पासून तिथे डिजिटल आगमन कार्ड लागतं. ते पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत फुकट भरता येतं, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. मालदीवमध्ये उतरल्यावर पर्यटकाला प्रवेश फुकट मिळतो, मात्र ऑनलाइन घोषणापत्र प्रवासाच्या 96 तास आधीपासून भरायचं असतं. बालीला उतरल्यावर व्हिसाचे 5 लाख रुपिया (तिथलं चलन) आणि पर्यटक शुल्काचे दीड लाख रुपिया लागतात. आकडे बघून घाबरू नका, रुपिया आपल्या रुपयापेक्षा फार हलका आहे. कुठेही जा, पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी.

पॅकेज घेतलं तर बिलात टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने बिलातच वसूल केलेला आयकर, दिसेल. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना हिशेबात धरता येतो, म्हणून बिल आपल्याच पॅनवर करून घ्या, मेहुण्याच्या नको. भारतीय नोटा माणशी 25,000 रुपयांपर्यंतच बाहेर नेता येतात.

आणि तारीख. जळगावचा मे सोसवत नाही म्हणून लोक तेव्हाच निघतात, पण फुकेतला मेपासून पाऊस आणि खवळलेला समुद्र असतो. मे-जूनमध्ये जायचं तर बाली, तिथे कोरडा मोसम असतो. फुकेत डिसेंबर-जानेवारीला ठेवा. तोवर कापसाचे पैसेही आलेले असतात.