एचटी आणि एच ३.२: डेकसाठी 'ट्रीटेड' पाइन घेताना

बडोद्याच्या कुठल्याही लातीत, म्हणजे लाकडाच्या वखारीत, 'ट्रीटेड पाइन आहे का?' असं विचारा, 'छे ने!' (आहे ना!) असंच उत्तर येईल. ते खोटं असेलच असं नाही. पाइनवर होणाऱ्या दोन अगदी वेगळ्या प्रक्रियांना बाजारात हा एकच शब्द आहे. एक पॅकिंगच्या पेट्यांसाठी, दुसरी डेकसारख्या, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्यासारख्या, उघड्यावर भिजणाऱ्या लाकडासाठी. त्यात दोन्हींची खूण 'एच'नेच सुरू होते, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

पेट्यांचं आधी पाहू. मकरपुऱ्यासारख्या औद्योगिक वसाहतीतून यंत्रं परदेशी जातात ती पाइनच्या पेट्यांत आणि पॅलेटवर. लाकडाबरोबर एका देशातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ साली आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम आला. त्यानुसार लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं राखावं लागतं. मग गव्हाच्या लोंबीचं चित्र, देशाची अक्षरं, उत्पादकाचा क्रमांक आणि 'एचटी' (हीट ट्रीटमेंट) असा शिक्का बसतो. 'एमबी' असेल तर उष्णतेऐवजी मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते.

या उष्णतेने आतली अळी, अंडी मरतात, पण लाकडात काहीही मुरत नाही. लोणच्याची बरणी उकळून घ्यावी आणि मग मीठ-तेलाशिवायच फोडी भरून ठेवाव्यात, तसंच हे. बरणी स्वच्छ, पण फोडी टिकणार कशाने? एचटीची फळी जमिनीजवळ ठेवली की वाळवीला ती साध्या पाइनइतकीच गोड लागते. ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते आणि कुजणं सुरू होतं. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत डेकच्या खालच्या बाजूला तेवढा ओलावा सहज असतो.

दुसरी प्रक्रिया दाबाची. फळ्या लोखंडी सिलिंडरमध्ये घालून आधी निर्वात पंपाने लाकडातली हवा काढतात, मग तांब्याचं क्षारयुक्त द्रावण सोडून जोराचा दाब देतात. द्रावण पेशींत शिरतं आणि तिथेच धरून राहतं. यातलं सर्वांत जुनं प्रसिद्ध मिश्रण सीसीए, म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक. ते सोंटी कामेसम यांनी १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत शोधलं. आर्सेनिकच्या भीतीने अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते मागे घेतलं गेलं. आता एसीक्यू किंवा कॉपर अझोल ही आर्सेनिकविरहित मिश्रणंही वापरतात. लहान मुलं अनवाणी खेळणार असतील तर तीच मागा.

न्यूझीलंडहून प्रक्रिया होऊन आलेल्या फळीच्या टोकाला धोक्याचा वर्ग (हॅझर्ड क्लास, म्हणून 'एच') छापलेला असतो. एच १.२ घराच्या आतल्या सांगाड्यासाठी, एच ३.१ रंग लावून बाहेर वापरायच्या पट्ट्यांसाठी, एच ३.२ डेकच्या फळ्यांसाठी, एच ४ जमिनीत रोवायच्या खांबांसाठी, एच ५ घराचा भार घेणाऱ्या खुंटांसाठी. फक्त 'न्यूझीलंडचं पाइन' एवढ्याने मात्र काही सिद्ध होत नाही. कांडल्याला उतरलेले ओंडके गांधीधामला चिरले जातात, आणि त्या फळ्या मुद्दाम प्रक्रिया केल्याशिवाय कोऱ्याच असतात.

हिरवट रंगावरही विसंबू नका. हिरव्या पाण्यात बुडवून काढलेली फळी वरून हुबेहूब तशीच दिसते. हिरवा रंग दाबाने मुरवलेला आहे की नुसता बुडवण्याचा, हे काप घेतल्यावरच कळतं; पण काप अगदी टोकाला नको, कारण तिथे बुडवलेल्या फळीतही द्रावण तंतूंमधून आत ओढलं जातं. टोकापासून निदान फूटभर आत आडवा काप घ्या. दाबाने मुरवलेल्या फळीत फिकट लाकूड आतपर्यंत हिरवट दिसतं. गाभ्याचा गडद भाग मात्र द्रावण घेत नाही, तेव्हा तो कोरा दिसला तर ती फसवणूक नव्हे. बुडवलेलीत कडेला एक-दोन मिलिमीटरची रेघ, आत पांढरं. शंका राहिली तर क्रोम अझुरॉल एस हे तपासणीचं रसायन लावतात. तांबं असेल तिथे गडद निळा डाग उमटतो. दुकानदार काप द्यायला तयार नसेल तर दुसरी लाती बघा.

उष्णतेचाच आणखी एक प्रकार आहे, थर्मोवूड. यात वाफेत १८० ते २१५ अंशांपर्यंत तापवून लाकूड तपकिरी करतात. ते फुगतं-आकसतं कमी, दिसतं छान, पण ठिसूळ होतं आणि वाळवीपुढे पुरतं टिकत नाही. जमिनीला टेकवायचं नाही.

आता हिशोब. १० बाय १२ फुटांच्या डेकला, ९० मिमी रुंद फळी आणि ५ मिमी फट धरली तर १२ फुटांच्या ३२ फळ्या लागतात. तुटीसाठी १० टक्के जादा, म्हणजे ३५-३६ घ्या. खालच्या आडव्या कड्या ४०० ते ४५० मिमी अंतरावर. १२ फुटांत त्या १० बसतात, प्रत्येक छेदावर दोन स्क्रू, म्हणजे ६४० आणि थोडे वर. स्क्रू फळीच्या जाडीच्या अडीचपट लांब: ३२ मिमी फळीला ७५ ते ८० मिमी. ते स्टेनलेस ३०४ चे किंवा गरम जस्तात बुडवलेलेच हवेत. एसीक्यूमधलं तांबं साध्या लोखंडाला भराभर गंजवतं, आणि फळी शाबूत राहून स्क्रूच आधी तुटतो. टोकाजवळ आधी बारीक भोक पाडा, नाहीतर फळी चिरते.

फटीबाबत मिस्त्रीशी आधीच बोलून घ्या. मे महिन्यात बसवलेली कोरडी फळी पावसात फुगते, तिला ५-६ मिमी जागा सोडा. सिलिंडरमधून नुकती आलेली ओली फळी उलट आकसते. तिला २-३ मिमी पुरे, नाहीतर दिवाळीपर्यंत फटीत चप्पल अडकेल.

डेक कुजतो तो बहुधा वरून नाही, कड्यांच्या माथ्यावरून आणि कापलेल्या टोकांवरून. करवत चालली की आतलं कोरं लाकूड उघडं पडतं, म्हणून प्रत्येक कापावर कॉपर नॅप्थेनेट हे तांब्याचं संरक्षक द्रावण दोन हात लावा. कड्यांच्या माथ्यावर बिटुमेनची पट्टी चिकटवा. खाली किमान १५० मिमी मोकळी हवा ठेवा आणि खांब काळ्या मातीत थेट रोवू नका. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि खांब हलवते. काँक्रीटच्या ठोकळ्यावर लोखंडी बैठक बसवा, म्हणजे वाळवीने वर काढलेली मातीची वाटही डोळ्यांना दिसते.

उरलेले तुकडे होळीत टाकू नका, बंबातही नाही. सीसीएच्या राखेत आर्सेनिक उरतं. पालापाचोळ्याच्या खतात भुसा मिसळायचा नाही, आणि कापताना तोंडाला मास्क हवाच.