विंड केव्ह नॅशनल पार्क: गुहेचं तिकीट, पास आणि भारतातून येणाऱ्या आईवडिलांची कागदपत्रं

साउथ डकोटात ब्लॅक हिल्सच्या दक्षिण टोकाला, हॉट स्प्रिंग्ज या गावाजवळ विंड केव्ह नॅशनल पार्क आहे. वर गवताळ माळ आणि त्यावर चरणारे बायसन, खाली जगातल्या सर्वांत लांब गुहांपैकी एक. आतापर्यंत मोजलेले गुहेचे रस्तेच अडीचशे किलोमीटरच्या वर जातात. ९ जानेवारी १९०३ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला. गुहेसाठी राष्ट्रीय उद्यान होण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ.

भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन माउंट रशमोरला जाणारी मराठी कुटुंबं बरीच आहेत, पण तिथून गाडीने तासाभरावर असलेली ही जागा बहुतेकांच्या यादीत नसते. ज्यांच्या असते, त्यांचा गोंधळ तिकीट आणि पास या दोन गोष्टींवर होतो. म्हणून आधी तेच.

उद्यान फुकट, गुहा तिकिटाची

उद्यानात शिरायला पैसे लागत नाहीत, अर्ज लागत नाही, गेटवर कुणी अडवत नाही. महामार्ग ३८५ उद्यानातूनच जातो. गाडीतून बायसन बघायचे, माळावर पायी फिरायचं, तर कुठलाच कागद नको. गुहेत मात्र रेंजरसोबतच जाता येतं, एकट्याने नाही, आणि त्या फेरीचं तिकीट प्रत्येकाला वेगळं काढावं लागतं.

काही तिकिटं रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर आगाऊ मिळतात. बाकीची त्या त्या दिवशी विझिटर सेंटरच्या खिडकीवर, जो आधी येईल त्याला. जून ते ऑगस्ट आणि सुट्टीचे शनिवार-रविवार असतील तर खिडकीच्या भरवशावर चारशे मैल गाडी हाकू नका. आणि बुकिंगच्याही आधी उद्यानाच्या अधिकृत पानावर फेऱ्या चालू आहेत का ते बघा. फेऱ्यांची ये-जा लिफ्टवर अवलंबून आहे. लिफ्ट दुरुस्तीला निघाली की फेऱ्या काही महिनेसुद्धा बंद राहतात, हे पूर्वी घडलेलं आहे.

मिनियापोलिस किंवा शिकागोकडून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: साउथ डकोटाच्या मध्यावर घड्याळ एक तास मागे जातं. तिकिटावरची वेळ माउंटन टाइमची असते.

वार्षिक पासचा उपयोग कुठे, कुठे नाही

‘अमेरिका द ब्युटिफुल’ हा वार्षिक पास घेतला म्हणजे गुहाही आली, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. हा पास प्रवेश शुल्काचा आहे. इथे प्रवेश शुल्कच नाही, आणि गुहेच्या तिकिटावर या पासची सवलत मिळत नाही.

सवलत मिळते ती सीनियर आणि ॲक्सेस पासवर, तीही पासधारकापुरती. सीनियर पास ६२ वर्षं पूर्ण झालेल्या अमेरिकन नागरिकाला किंवा कायम रहिवाशाला, म्हणजे ग्रीन कार्ड असणाऱ्याला मिळतो. ॲक्सेस पास कायमस्वरूपी अपंगत्व असणाऱ्यांसाठी आहे आणि त्यालाही नागरिकत्वाची किंवा कायम रहिवासाची हीच अट आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेले तुमचे वडील ७५ वर्षांचे असले तरी त्यांना सीनियर पास मिळणार नाही. खिडकीवर त्यांच्यासाठी वाद घालण्यात अर्थ नाही, पूर्ण तिकीट काढा.

२०२६ पासून परदेशी पाहुण्यांसाठी पासचे दर वेगळे झाले आहेत. अमेरिकेत राहणाऱ्यांना वार्षिक पास ८० डॉलरला, त्यासाठी अमेरिकन सरकारी फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं. बाहेरून आलेल्यांसाठी तोच पास २५० डॉलरला. यलोस्टोन, ग्रँड कॅन्यनसारख्या ११ गर्दीच्या उद्यानांत पास नसलेल्या परदेशी पाहुण्यांकडून माणशी १०० डॉलर जादाही घेतात. विंड केव्ह त्या ११ मध्ये नाही. पुढे यलोस्टोनला जाणार असाल, तर हा हिशोब घरूनच करून निघा.

पात्रता म्हणजे वय आणि गुडघे

इथली खरी पात्रता कागदावर ठरत नाही, पायऱ्यांवर ठरते. ‘गार्डन ऑफ ईडन’ ही सर्वांत सोपी फेरी: सुमारे तासभर, दीडशे पायऱ्या, येता-जाता लिफ्ट. ‘नॅचरल एन्ट्रन्स’मध्ये तीनशे पायऱ्या, पण बहुतेक उतरायच्या, वर येताना लिफ्ट. ‘फेअरग्राउंड्स’मध्ये साडेचारशे, त्यात चढही बराच. मेणबत्तीच्या उजेडातली फेरी आठ वर्षांपुढच्यांसाठी. सरपटत, रांगत जायची ‘वाइल्ड केव्ह’ सोळा वर्षांपुढच्यांसाठी, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना पालकांची संमती लागते. चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी लिफ्टने खाली नेणारी वेगळी छोटी फेरी असते, त्यासाठी आधी फोन करून विचारावं. हिवाळ्यात फेऱ्या मोजक्याच असतात.

आम्ही आईच्या गुडघ्यांचा विचार करून नॅचरल एन्ट्रन्स घेतली. ते नैसर्गिक तोंड म्हणजे खडकातलं जेमतेम फूटभर भोक. रेंजरने त्याच्यासमोर रिबीन धरली, ती आत ओढली गेली. मग आई जवळ गेली, तर तिच्या ओढणीचं टोकही कुणी हळूच खेचावं तसं आत वळलं. बाहेर हवेचा दाब वाढला की गुहा हवा आत घेते, कमी झाला की बाहेर सोडते. १८८१ मध्ये जेसी आणि टॉम बिंगहॅम या भावांना गुहा सापडली ती या वाऱ्यामुळेच. इथल्या मूळनिवासी लाकोटा लोकांना मात्र ती त्याआधी किती तरी पिढ्या माहीत होती. ते तिला ‘ओनिया ओशोका’ म्हणतात, जिथे पृथ्वी आतून श्वास घेते ती जागा. त्यांच्या परंपरेत माणसं याच भोकातून पृथ्वीवर आली. आपण देवळात पादत्राणं बाहेर ठेवतो, त्याच भावनेने तिथे आवाज खाली ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

आत छताकडे बघायला विसरू नका. लहानपणी वहीत ठेवलेलं पिंपळाचं पान जाळी होऊन उरायचं ना, तशा दगडाच्या पातळ पट्ट्यांची जाळी छतभर आहे. तिला बॉक्सवर्क म्हणतात, आणि जगात इतकं बॉक्सवर्क दुसरीकडे कुठेच माहीत नाही. हात लावायचा नाही.

सोबत काय, घरी काय

गुहेत बारा महिने सुमारे १२ अंश सेल्सियस असतं. बाहेर ऊन भाजत असलं तरी आईवडिलांचं स्वेटर गाडीत राहू देऊ नका. घट्ट तळव्याचे बूट हवेत, चपला नकोत. पाठीवरची सॅक, ट्रायपॉड, खाऊ, च्युइंग गम बाहेरच.

बुटांबद्दल रेंजर हमखास विचारतात: हे दुसऱ्या कुठल्या गुहेत किंवा खाणीत घातले होते का? वटवाघळांना मारणारा ‘व्हाइट नोज सिंड्रोम’ हा बुरशीचा रोग बुटा-कपड्यांवरून पसरू शकतो. खरं सांगा. शंका असेल तर बूट आणि कपडे बदलूनच जा.

भारतातून येणाऱ्यांसाठी

उद्यानासाठी वेगळी परवानगी लागत नाही. नेहमीचा बी१/बी२ व्हिजिटर व्हिसा पुरतो. डीएस-१६० अर्ज ऑनलाइन भरायचा, शुल्क भरायचं, बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे, मग मुलाखत. महाराष्ट्रातल्या बहुतेकांची मुलाखत मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत होते. ऐंशीच्या पुढच्या ज्येष्ठांना मुलाखत माफ असायची, ती सवलत सप्टेंबर २०२५ पासून सरसकट राहिलेली नाही. व्हिसा संपून बारा महिने झाले नसतील तर नूतनीकरणात मुलाखतीशिवाय काम होऊ शकतं. अर्जात मुक्कामाचा पत्ता तुमच्या घराचा द्या, फिरण्याच्या प्रत्येक ठिकाणाची यादी जोडायची गरज नाही. इथे आल्यावर आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) प्रत छापून पासपोर्टसोबत प्रवासात जवळ ठेवा.

माळावर

हा बायसन म्हणजे आपला राधानगरीचा गवा नव्हे, पण बिथरला की अंगावर येण्यात तितकाच वेगवान. १९१३ मध्ये न्यूयॉर्कहून रेल्वेने १४ बायसन इथे आणले, आजच्या कळपाची सुरुवात त्यांच्यापासून झाली. किमान २५ यार्ड, म्हणजे २३ मीटर अंतर ठेवा. हात लांब करून अंगठा डोळ्यासमोर धरा. अंगठ्यामागे जनावर पूर्ण झाकलं गेलं नाही तर तुम्ही फार जवळ आहात. रस्त्यावर कळप आला तर गाडी थांबवा, हॉर्न वाजवू नका.

प्रेअरी डॉग हा कुत्रा नव्हे, खारीच्या कुळातला बिळात राहणारा प्राणी. दोन पायांवर उभा राहून तो ओरडला की मुलं बिस्किट काढतात. देऊ नका: त्यांच्या अंगावरच्या पिसवांतून प्लेग पसरू शकतो आणि बिळात रॅटलस्नेक असू शकतो. याच बिळांच्या आधारावर काळ्या पायांचा फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी जगतो. तो नामशेष होता होता वाचला आणि २००७ मध्ये इथे पुन्हा सोडला गेला. माळावर पडलेलं शिंग किंवा दगड उचलून नेणं गुन्हा आहे, ड्रोनला बंदी आहे. रानात रात्र काढायची असेल तर विझिटर सेंटरमध्ये मोफत परवाना मिळतो, तो घेतल्याशिवाय तंबू ठोकू नका.