कम्युनिटी कॉलेजातून यूसीच्या सायकॉलॉजीला: अर्ज नेमका कुठे अडतो

दरवर्षी एप्रिल संपता संपता यूसीचे, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, निकाल लागतात आणि कम्युनिटी कॉलेजातल्या, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजातल्या, मुलांचे फोन सुरू होतात. "मावशी, ४ पैकी ३.८ जीपीए होता, तरी यूसीएलएने नाही म्हटलं." मी आधी एकच विचारते, स्टॅटिस्टिक्स कधी केलंस? "समरमध्ये करणार होतो ना." गोम तिथेच असते.

यूसीत तिसऱ्या वर्षात, फॉलच्या (ऑगस्ट-सप्टेंबरच्या) सत्रात, प्रवेशासाठी ६० सेमिस्टर युनिट (क्रेडिट) लागतात (क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजवाल्यांना ९०), आणि ती आधीच्या स्प्रिंगअखेर (जानेवारी ते मे-जूनचं सत्र) पूर्ण व्हायला हवीत. मेजरच्या (मुख्य विषयाच्या) तयारीचे कोर्सही तेव्हाच संपलेले हवेत. स्प्रिंग म्हणजे स्प्रिंग. त्यानंतरचा समर हिशेबात धरू नका. किमान जीपीए कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना २.४, बाहेरच्यांना २.८. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाले बाहेरचेच. पण हा आकडा नुसता दारात उभं राहण्यापुरता. सायकॉलॉजीला गर्दी असते, तेव्हा नुसत्या २.८ जीपीएच्या भरवशावर राहू नका.

कोणते कोर्स लागतात हे मैत्रिणीला विचारू नका. असिस्ट डॉट ओआरजी ही साइट (कॉलेजचा कोणता कोर्स यूसीत धरतात ते तिथे दिसतं) उघडा, आपलं कॉलेज, हवा तो कॅम्पस आणि मेजर टाका. सायकॉलॉजीची ओळख आणि स्टॅटिस्टिक्स बहुतेक ठिकाणी लागतंच. पुढचं विज्ञान-गणित कॅम्पसनुसार बदलतं. तिथल्या यादीत एखाद्या ओळीसमोर तुमच्या कॉलेजचा कोर्सच नसतो. तिथे काउन्सेलरचं "चालेल" पुरत नाही. तो कोर्स शेजारच्या कॉलेजात मिळतो का, ते पाहा. आणि सी-मायनस म्हणजे पास नव्हे, सी हवा.

अर्ज १ ऑगस्टपासून भरता येतो, पण पाठवायचा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. ३० नोव्हेंबर शनिवार-रविवारी आला तर मुदत सोमवारपर्यंत सरकलेली मी पाहिली आहे, पण त्यावर विसंबू नका. प्रत्येक कॅम्पसला ८० डॉलर, एफ-१ वाल्यांना ९५. चार छोटे निबंध, प्रत्येकी कमाल ३५० शब्द. त्यातला मेजरच्या तयारीबद्दलचा प्रश्न सगळ्यांना सक्तीचा आहे; "लहानपणापासून माणसांची मनं वाचायला आवडतं" याने सुरुवात नको, कृपा करून.

टॅग, म्हणजे खात्रीच्या प्रवेशाचा करार, डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हेच देतात. एकाच कॅम्पसचा घेता येतो, आणि तो १ ते ३० सप्टेंबरमध्ये भरायचा, म्हणजे मुख्य अर्जाच्या आधीच. नोव्हेंबरमध्ये जागे झालेल्यांना तो मिळत नाही. यूसीएलए, बर्कली आणि सॅन दिएगो टॅग देतच नाहीत.

आता आपल्याकडच्या मुलांचा खास घोळ. पुण्यात एफवाय अर्धवट सोडून आलेली मुलं ते वर्ष अर्जात लिहीतच नाहीत. "ते धरणार नाहीत, मग कशाला?" लिहावंच लागतं. जगात कुठेही कॉलेजात नाव घातलं असेल तर सांगायचं, नापास विषयांसकट. मार्क मार्कशीटवर जसे आहेत तसेच भरा. ५८ टक्क्यांचा जीपीए घरी काढत बसू नका. अर्ज करताना कागद मागत नाहीत, प्रवेश मिळाल्यावर मागतात, आणि तेव्हा हातातली मार्कशीट नाही तर विद्यापीठाने पाठवलेली अधिकृत ट्रान्सक्रिप्ट. एका मुलाच्या वडिलांनी त्यासाठी भारतातल्या एका विद्यापीठाच्या खिडकीवर चार खेटे घातले. दर वेळी साहेब जेवायला गेलेले. म्हणून ते काम अर्जाबरोबरच सुरू करा.

आणि बरेच अर्ज पडतात ते जानेवारीत. अर्ज पाठवला की काम झालं असं मुलांना वाटतं. पण फॉलचे ग्रेड आणि स्प्रिंगचे विषय ट्रान्सफर अपडेट नावाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये भरायचे असतात, ३१ जानेवारीपर्यंत. ती आठवण ईमेलने येते, आणि आपल्या मुलांचा ईमेल स्पॅममध्ये गेलेला असतो. बदल काही नसला तरी ते उघडून "बदल नाही" असं कळवायचं.

होकार आला तर १ जूनपर्यंत तो स्वीकारायचा आणि १ जुलैपर्यंत शेवटची ट्रान्सक्रिप्ट पोचवायची. मधल्या काळात एखादा विषय सोडलात तर कॅम्पसला आधी कळवा. सप्टेंबरमध्ये त्यांनी स्वतः शोधून काढला तर प्रवेश जाऊ शकतो.