कृत्रिम स्नायू (यंत्रमानवशास्त्र)

कृत्रिम स्नायू : हवेचा दाब, उष्णता किंवा विद्युत् दाब मिळताच आखडणारा व त्या ओढीने यंत्रमानवाचा सांधा हलवणारा घटक. हवेवर चालणारा स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही. म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना त्याची जोडी बसवतात. संज्ञेबाबत एक नोंद आवश्यक आहे. सुश्रुतसंहितेत स्नायू 900 व पेशी 500 असे वेगळे मोजले असून तेथील स्नायू म्हणजे सांधे बांधून धरणारे तंतू होत. मराठीत मात्र ‘स्नायू’ मांसपेशीच्या अर्थी रुळला आहे व येथे तोच अर्थ घेतला आहे.

हवेवर चालणारा प्रकार मॅककिबेन स्नायू या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस येथील भौतिकीविज्ञ जोसेफ मॅककिबेन यांनी पोलिओने दुबळ्या झालेल्या आपल्या मुलीच्या हातासाठी तो 1950 च्या दशकात वापरला. मूळ कल्पना त्यांचीच होती काय, याविषयी मतभेद आहेत. गेलॉर्ड यांचे याच रचनेचे अमेरिकन पेटंट 1958 चे आहे आणि काही लेखक 1930 च्या सुमाराच्या रशियन प्रयत्नांपर्यंत मागे जातात. कल्पना जुनी, पण अवयवाला जोडून ती उपयोगात आणण्याचे श्रेय मॅककिबेन यांचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

रबरी नळीवर तिरक्या धाग्यांची जाळीदार वीण असते. हवा भरली की नळी फुगते, धागे मात्र ताणले जात नाहीत, त्यामुळे लांबी घटते. धाग्यांचा अक्षाशी असलेला कोन वाढत सुमारे 54.7° झाला की ओढ शून्यावर येते, कारण आदर्श सूत्रात बल (3cos²θ − 1) या पदाच्या प्रमाणात असते; θ म्हणजे हाच कोन. प्रत्यक्षात आकुंचन मूळ लांबीच्या साधारण चतुर्थांशाएवढे मिळते.

सिम्युलेशनची, म्हणजे स्नायूची संगणकावर प्रतिकृती करून पाहण्याची, खरी कसोटी येथेच लागते. हे सूत्र नळीची जाडी व घर्षण धरत नाही. चौ व हॅनाफर्ड या संशोधकांनी 1990 च्या दशकात दाखवले, की दाब कायम ठेवूनही आखडताना आणि सैल होताना बल वेगवेगळे भरते, आणि हा फरक मुख्यतः धाग्यांच्या कोरड्या घर्षणाचा असून वेगावर फारसा अवलंबून नसतो. ही बाब वगळलेल्या प्रतिकृतीत तयार केलेले नियंत्रण खऱ्या हातावर चुकते. टोडोरॉव्ह, एरेझ व तासा यांनी 2012 मध्ये मांडलेल्या मुजोको या सिम्युलेशन प्रणालीत सांध्यांवरून जाणारे कंडरे (स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणारे दोर) व स्नायूंचे बल मांडता येते. 2022 पासून तिची संगणकीय संहिता (कोड) सर्वांसाठी खुली आहे. मऊ नळीचा फुगवटा दाखवायचा तर वस्तूचे लहान लहान भाग पाडून गणित करणाऱ्या सांत घटक पद्धतीकडे वळावे लागते. ती अचूक असते, पण संथ.

उष्णतेवर चालणाऱ्या प्रकारांत नितिनॉल या निकेल-टायटॅनियम मिश्रधातूच्या तारा तापवल्यावर सुमारे 4 टक्के आखडतात व निवायला वेळ घेतात. गुंडाळलेल्या नायलॉन दोऱ्याचे स्नायू 2014 मध्ये पुढे आले.

सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात द्राक्षाच्या मण्यावरचा पांढुरका मेणचट थर बोटे लागली की पुसला जातो आणि मालाचा भाव उतरतो. अशा मालासाठी यंत्रमानवाच्या कठीण चिमट्यापेक्षा कृत्रिम स्नायूंची, दाब ऐन वेळी सैल करता येणारी मऊ पकड योग्य. तिचे सिम्युलेशन करताना मणी व देठ यांचा जोडही प्रतिकृतीत घ्यावा लागतो, कारण मणी फुटण्याआधी बहुधा देठापासून सुटतो.