ड्रग

शरीराच्या किंवा मनाच्या कामकाजात बदल घडवणारा, अन्नाव्यतिरिक्त कोणताही पदार्थ म्हणजे ड्रग. या अर्थाने तापाची गोळीही ड्रग आणि गर्दची पुडीही ड्रग. मेडिकलच्या पाटीवरचे ‘ड्रगिस्ट’ वाचून कोणी दचकत नाही. ‘ड्रग्ज’ म्हटले की मात्र अमली पदार्थच डोळ्यांसमोर येतात. भारतात औषधांसाठी 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे, तर अमली व मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांसाठी 1985 चा एनडीपीएस कायदा. दोन्हींची हद्द अनेकदा एकमेकींत मिसळते. मॉर्फिन कर्करुग्णाच्या वेदना शमवते आणि व्यसनही लावते. हेरॉइन तर 1898 मध्ये एका जर्मन कंपनीने खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले होते.

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात ही सरमिसळ वारंवार दिसते. 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका औषध कारखान्यातून एफेड्रिनचा टनावारी साठा पकडला. एफेड्रिन रक्तदाब उतरल्यावर रुग्णाला दिले जाते. त्याच्यापासूनच मेथॅम्फेटामाइन हे अमली द्रव्य तयार होते. उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात ऑगस्ट 2020 मध्ये आयुर्वेदिक औषध म्हणून आलेल्या मालातून 191 किलो हेरॉइन निघाले. सप्टेंबर 2022 मध्ये तिथल्याच एका कंटेनरमध्ये सुमारे 22 टन ज्येष्ठमध सापडले, त्याच्या कांड्यांवर हेरॉइनचा लेप होता. खोकल्याच्या काढ्यातली वनस्पती तस्करांना आवडावी, यात एक क्रूर विनोद आहे.

या भागात पोलीस कारवायांच्या बातम्यांत सतत येणारे नाव एमडी, म्हणजे मेफेड्रोन. ते 1929 मध्ये प्रथम प्रयोगशाळेत बनले. भारतात एनडीपीएसच्या यादीत आले 2015 मध्ये. नाकाने ओढल्यावर तरतरी येते, बडबड वाढते, पण दोन-तीन तासांत अंमल उतरतो आणि पुन्हा ओढावेसे वाटते. रात्रभर असे चालले की झोप व भूक जाते, छाती धडधडते, अंग तापते, कोणीतरी पाठलाग करतेय असा संशय येऊ लागतो. पुडीत नेमके काय मिसळले आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. कायद्याने एमडीचे ‘अल्प प्रमाण’ 2 ग्रॅम व ‘व्यावसायिक प्रमाण’ 50 ग्रॅम धरले आहे. व्यावसायिक प्रमाणासाठी किमान 10 वर्षांची सक्तमजुरी आहे.

गर्द, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, पन्नीवर तापवून त्याचा धूर ओढतात. ‘गर्दुल्ला’ हा मराठी शब्द त्यातूनच रूढ झाला. नेहमीचा डोस वेळेवर मिळाला नाही की टर्की, म्हणजे अंमल तुटल्याचा त्रास, सुरू होते: नाक-डोळे वाहतात, हाडे दुखतात, जुलाब होतात. तरीही मृत्यूचा मोठा धोका असतो तो अतिमात्रेत, कारण श्वास मंदावत जाऊन थांबतो. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यावर शरीराची सवय मोडलेली असते आणि जुना डोसच जीव घेतो. घरच्यांना हे सहसा कोणी सांगत नाही. काही जण ड्रग सुईने टोचून घेतात; अशा सामायिक सुईमुळे एचआयव्ही व हिपॅटायटिस सी पसरतात. स्टेशनांच्या आसपास राहणारी मुले व्हाइटनर किंवा पंक्चर काढायचे सोल्यूशन हुंगतात. ते स्वस्त असते, सहज मिळते आणि त्याने हृदय अचानक बंद पडू शकते. कोवळ्या वयात गांजा ओढणाऱ्यांत पुढे मनोविकाराचा धोका वाढतो.

नुकसानीच्या एकूण हिशेबात दारू मात्र अजूनही पुढे आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुमारे 16 कोटी भारतीय मद्य घेतात असे आढळले. अफूजन्य पदार्थ घेणारे सव्वादोन कोटींच्या आसपास होते.

व्यसन हा मेंदूचा आजार मानला जातो आणि त्याचे उपचार मानसोपचारतज्ज्ञ करतात. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 पासून आहे. गर्दच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिनसारखी पर्यायी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. व्यसनमुक्तीसाठी 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगण्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर एनडीपीएसचे कलम 64अ तिला खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते.