कडीच्या आवाजावरून बाप ओळखणारी पोरं

दारू पिणाऱ्या बापाच्या घरात वाढलेल्या कुणालाही विचारा, बाप आज किती पिऊन आलाय हे तो दारात दिसायच्या आधीच कळायचं. फाटकाची कडी कशी वाजली, स्कूटर एका झटक्यात स्टँडला लागली की दोनदा घसरली, चपला काढल्या की भिरकावल्या, एवढ्यावरनं सात वर्षांचं पोर ठरवतं की पुस्तक उघडून बसायचं का पांघरुणात शिरून झोपेचं सोंग घ्यायचं. माझा एक मित्र म्हणतो, "कडी म्हणजे आमचं हवामान खातं होतं, आणि अंदाज कधी चुकायचा नाही."

हाच मित्र पंचविशीत स्वतः रोज क्वार्टर मारायला लागला. बापाला आयुष्यभर शिव्या घालणारा माणूस. नातेवाईक दोनच गोष्टी बोलायचे, "रक्तातच आहे" नाहीतर "बघून बघून शिकला". रक्ताचं अगदीच खोटं नाही, दारूचं व्यसन जडण्यात साधारण निम्मा वाटा अनुवंशिकतेचा असतो असं जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसतं. पण उरलेल्या निम्म्यात काय काय येतं, आणि त्यात त्या कडीचा हिस्सा किती, हे कुणी बोलत नाही.

विज्ञानाच्या हाती हे प्रकरण लागलं ते भलत्याच वाटेनं, दारूशी सुरुवातीला काही संबंधच नव्हता. १९८०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत सॅन डिएगोला कैझर पर्मनंटेच्या दवाखान्यात व्हिन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर वजन कमी करण्याचा कार्यक्रम चालवत होते. गंमत अशी की ज्यांचं वजन झपाझप उतरत होतं तेच लोक मधेच सोडून जात होते. फेलिटींना कळेना, म्हणून त्यांनी एकेकाला बसवून आयुष्यभराची हकिकत विचारायला सुरुवात केली, जन्माच्या वेळी वजन किती, पहिलीत किती, असं. एका बाईला विचारायचं होतं की पहिला लैंगिक संबंध आला तेव्हा वय किती होतं, आणि जीभ घसरून विचारलं गेलं की वजन किती होतं. ती म्हणाली, चाळीस पौंड. डॉक्टरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं, म्हणून परत तेच विचारलं, परत तेच उत्तर आलं, आणि मग ती रडायला लागली आणि म्हणाली, माझ्या वडिलांबरोबर.

चाळीस पौंड म्हणजे अठरा किलो. बालवाडीतलं पोर.

त्यानंतर फेलिटी आणि त्यांचे सहकारी मुद्दाम विचारायला लागले तर एकामागून एक तशाच गोष्टी बाहेर यायला लागल्या. काही बायकांनी सरळ सांगितलं की जाड झालं की कुणी बघत नाही. डॉक्टर ज्याला रोग समजून उतरवायला निघाले होते ते त्या बाईचं चिलखत होतं, आणि चिलखत उतरलं की ती घाबरून परत खायला लागायची. मला सगळ्या प्रकरणातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पुढे सरकारी रोगनियंत्रण संस्थेचे, म्हणजे सीडीसीचे रॉबर्ट अँडा त्यांना येऊन मिळाले आणि १९९५ ते १९९७ मध्ये सतरा हजारांवर लोकांना लहानपणाबद्दल विचारलं गेलं. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरात व्यसनी किंवा मनोरुग्ण माणूस, घरातलं कुणी तुरुंगात, असे सुरुवातीला सात प्रकार होते, मग दुर्लक्ष आणि आईवडिलांचं वेगळं होणं धरून दहा झाले. हे सगळे बहुतेक मध्यमवर्गीय, गोरे, पन्नाशी ओलांडलेले, विमा असलेले लोक, आपल्या भाषेत सांगायचं तर बऱ्या सोसायटीतले मेडिक्लेमवाले. तरी आठातल्या एकाकडे दहापैकी चार किंवा जास्त प्रकार निघाले. १९९८च्या पहिल्या पेपरमध्ये असं दिसलं की यातलं काहीच न भोगलेल्यांच्या तुलनेत चार किंवा जास्त प्रकार भोगलेल्यांमध्ये दारूच्या व्यसनाची शक्यता सातपटीच्या आसपास होती, आणि कधीतरी सुईनं नशा केल्याची दहापटीच्या.

हे अमेरिकेतलं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली तेरा राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दर तीन मुलांतल्या दोघांनी मारहाण सोसली होती आणि निम्म्याहून जास्त मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक छळ. "आम्ही पण मार खाल्ला, काय झालं आम्हाला?" असं म्हणणारे काका प्रत्येक लग्नात भेटतात, आणि बऱ्याचदा ते हे पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीशी उभे राहून बोलत असतात.

पण त्या दहापैकी किती प्रकार भोगले याची बेरीज म्हणजे कुंडली नव्हे हेही सांगितलं पाहिजे. हल्ली लोक इंटरनेटवर टेस्ट देतात आणि "माझा स्कोअर सहा" म्हणून घाबरून बसतात. खुद्द अँडा यांनीच २०२० मध्ये बजावलंय की हा आकडा लोकसंख्येसाठी आहे, एकेका माणसाचं भविष्य सांगायला नाही. भरपूर स्कोअरवाले लोक आयुष्यात थेंबाला शिवत नाहीत. आणि गरिबी, जात, वस्तीतली गुंडगिरी यातलं मूळ प्रश्नांत काहीच नव्हतं.

आता कडीकडे परत येऊ. कडी वाजली की पोराच्या मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याची घंटा वाजवतो, तिथनं निरोप मूत्रपिंडावरच्या ग्रंथींपर्यंत जातो, ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल रक्तात उतरतं, छाती धडधडते, पोट आवळतं. यात वाईट काही नाही, कुत्रा अंगावर आला तर हेच व्हायला पाहिजे. फरक पुढे पडतो. बऱ्या घरात कुणीतरी पोराला उचलून घेतं, पाठीवर हात फिरवतं आणि घंटा बंद होते, लहान मुलाला स्वतःची घंटा स्वतः बंद करता येत नाही, ती मोठ्यांच्या मदतीनंच बंद होते आणि हजारदा तशी झाली की मग पोर ते शिकतं. इथे उचलून घेणारा माणूस आणि घंटा ज्याच्यामुळे वाजली तो माणूस एकच. किंवा आई आहे, पण तिची स्वतःचीच घंटा वाजतेय. असं वर्षानुवर्षं चाललं की काहींची घंटा एवढ्यातेवढ्यावर वाजायला लागते आणि काहींची अशी बोथट होते की काहीच जाणवेनासं होतं. त्यात लगाम धरणारा कपाळामागचा मेंदू पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते.

आणि अशा डोक्यात सोळाव्या-सतराव्या वर्षी पहिला पेग जातो. मित्राला विचारलं, पहिल्यांदा काय वाटलं? मला वाटलं मजा, धुंदी वगैरे सांगेल. तो म्हणाला, "गिरणी बंद झाल्यावर कळतं ना इतका वेळ किती आवाज होता, तसं. मला वाटलं, अच्छा, बाकीच्या लोकांना रोज असंच वाटत असणार."

हे शब्दशः खरं आहे. दारू मेंदूतल्या गाबा नावाच्या ब्रेकवर पाय देते आणि ग्लुटामेट नावाच्या ॲक्सिलरेटरवरचा पाय काढते. ज्याची गिरणी आधीपासून चालूच नाही त्याला तोच पेग नुसता गमतीचा. अफूवर्गातल्या नशेचं तर आणखी सरळ आहे. १९७८ मध्ये याक पँकसेप यांनी दाखवलं की आईपासून तोडलेल्या कुत्र्याच्या पिल्लांचं केकाटणं मॉर्फिनच्या अगदी थोड्या डोसनं थांबतं, कारण आईच्या उबेनं मेंदूत जे पाझरतं ते त्याच जातीचं रसायन आहे. माकडांवरही काम झालंय. १९९१ साली डी हिग्ली आणि सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांपुढे दारू ठेवली, तर आईविना, नुसत्या बरोबरीच्या पिल्लांत वाढलेली माकडं आईजवळ वाढलेल्यांपेक्षा जास्त प्यायली. मात्र आईजवळ वाढलेल्यांना कळपापासून एकटं पाडलं तेव्हा त्यांचंही पिणं वाढून जवळजवळ तेवढंच झालं. म्हणजे आईची माया पण काही कायमची लस नाही.

रोज ब्रेक दाबला की मेंदू उलटा हिशेब करतो, ब्रेक सैल करतो आणि ॲक्सिलरेटर वाढवतो. मग दारू एकदम तोडली की हात थरथरतात, झोप उडते, भास होतात, काहींना फिट येते, आणि वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं डॉक्टरशिवाय एका दिवसात सोडणं जिवावर बेतू शकतं. घरात कोंडून ठेवून सोडवायला जाऊ नका. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६.

पण अंगातली दारू उतरणं हा त्यातला लहान भाग. मित्रानं दोनदा सोडली होती, एकदा माळ घालून, एकदा आईच्या पायावर हात ठेवून, आणि दोन्ही वेळा दोन-तीन महिन्यांनी परत घेतली. तेव्हा आम्ही सगळे म्हणालो की याच्यात दमच नाही. आता कळतं की गिरणी परत सुरू झालेली होती, आधीपेक्षा मोठ्यानं. दारू स्वप्नांची झोप दाबून ठेवते, ती सुटली की स्वप्नं उसळून येतात, आणि याच्या स्वप्नात कडी वाजायची. आम्ही त्याचं चिलखत काढून घेतलं होतं आणि वर विचारत होतो की थंडी का वाजते.

पूर्वी बऱ्याच ठिकाणी नियम असा होता की आधी व्यसन पूर्ण सुटू दे, मनातलं जुनं नंतर उकरू, नाहीतर माणूस परत प्यायला लागेल. ऑस्ट्रेलियात व्यसन आणि मनावरचा जुना आघात दोन्ही असलेले १०३ जण घेतले, त्यातल्या साधारण निम्म्यांवर दोन्ही उपचार एकत्र करून पाहिले, २०१२ मध्ये निष्कर्ष आले, त्यांच्यात आघाताची लक्षणं बाकीच्यांपेक्षा जास्त कमी झाली आणि नशा वाढली नाही. याचा अर्थ दुसऱ्याच दिवशी, हात थरथरत असताना "बोल, लहानपणी काय झालं" म्हणून मागे लागायचं असा नाही. आधी झोप, जेवण, रोजचं वेळापत्रक, आजूबाजूला न ओरडणारी माणसं. पुण्यात १९८६ साली अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून, मुक्तांगण सुरू केलं, तिथे रुग्णाला राहायला घेतात, गट बसतात, घरच्यांनाही बोलावतात. गटात बसून काय होतं, नुसत्या गप्पा, असं मलाही वाटायचं. पण घंटा मुळात दुसऱ्या माणसाच्या जवळ असण्यानंच बंद व्हायची होती, तो धडा चाळिशीत घेतला तरी थोडाफार लागू पडतो.

व्हिएतनाम युद्धातलं एक उदाहरण व्यसनावरच्या भाषणांत नेहमी येतं. १९७१च्या सुमाराला तिथल्या अमेरिकन सैनिकांतला साधारण पाचातला एक हेरॉइनच्या व्यसनात होता, आणि ली रॉबिन्स यांनी तपासलं तर घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यातल्या पाचेक टक्क्यांनाच व्यसन परत जडलं. जागा बदलली, व्यसन सुटलं. छान आहे, पण माझ्या मित्रासारख्याचं काय, ज्याचं व्हिएतनाम हेच घर होतं? तो उपचार घेऊन परत त्याच फाटकातनं आत येतो.

तिसऱ्या खेपेला तो केंद्रात राहून आला तेव्हा त्याची मुलगी आठ वर्षांची होती. महिन्याभरानं त्याच्या लक्षात आलं की आपली बाईक खाली थांबली की वर टीव्ही बंद होतो. आतल्या खोलीत गेला तर ती वही उघडून बसलेली, आणि वही उलटी. त्या रात्री तो परत पिण्याच्या फार जवळ गेला होता असं त्यानं मला सांगितलं. मग त्यानं एक केलं, फाटकाला हात लावायच्या आधी खालूनच ओरडायचं, "आलो गं, पिंकेऽऽ", रोज, शेजारी हसले तरी, म्हणजे तिला कडीवरनं अंदाज लावायला नको. आठ-नऊ महिने टीव्ही बंदच व्हायचा. मग एका संध्याकाळी कार्टूनचा आवाज तसाच राहिला आणि वरनं उलट प्रश्न आला, "बाबा, पाव आणलास का?"

तो पाव विसरला होता. परत गेला आणायला.